पूर्वाची सव्वा मूठ

आतापर्यंतची प्रकरणं वाचून कुणाला वाटेल की लग्न होऊन असोद्याच्या घरात आले तेव्हा माझं मोठं होणं आटोपलं होतं. मलाही तसंच वाटत होतं. दहावी, बारावी, टायपिंग, नोकरी, लग्न अशी पाच कलमं होती आणि पाचांपुढे बरोबरची खूण होती. प्रत्यक्षात मी मोठी झाले ती पुढच्या अकरा वर्षांत. ते काम जिने केलं ती माझ्यापेक्षा सव्वीस वर्षांनी लहान होती, तिचं वजन चोवीस किलोच्या वर कधी गेलं नाही आणि माझ्या कामाचा दर्जा तिला फारसा पसंत नव्हता. तिचं नाव पूर्वा. माझी मुलगी. ती गेली, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने प्रकरणभर जीव मुठीत धरून बसायला नको. तिला स्वतःलाही शेवट लपवलेला आवडायचा नाही. गोष्टीचं पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान वाचायची आणि मग म्हणायची, "हं, आता निवांत वाचते."

आम्ही धुळ्याला राहायचो. मी एका हायस्कुलात लेखनिक, आणि विलासचं, म्हणजे पूर्वाच्या बाबांचं, विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. दोन खोल्या, पुढे अरुंद ओटा, मागच्या गल्लीत पॉवरलूम. त्यांची खटखट सकाळी सुरू व्हायची ती आपल्या कानांतली वाटावी इतकी सवयीची झाली होती. वीज गेली की ती एकदम थांबायची आणि पूर्वा म्हणायची, "गेलं धुळं झोपायला." ती आठ महिन्यांची असताना पांढरीफटक दिसायला लागली. माझ्या आईचं म्हणणं गोरी आहे, सासूबाईंचं म्हणणं नजर लागली, आणि डॉक्टरांचं म्हणणं थॅलेसेमिया. म्हणजे तिच्या अंगात टिकाऊ रक्तच तयार होत नव्हतं. दर तीन आठवड्यांनी बाहेरून भरायचं, जन्मभर. हा आजार आई आणि बाप दोघांकडून अर्धा अर्धा यावा लागतो, एकट्याचं काम नाही. हे डॉक्टरांनी सांगायच्या आत दोन्ही घरांनी निकाल देऊन टाकला होता. सोनगीरहून माझी आई म्हणाली, "आमना घरमा असं काहीच नही शे." असोद्याहून सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात असं काही नी." तपासण्यांचे कागद आले आणि त्यांत विलास आणि मी बरोबरीने दोषी निघालो. आमच्या दोन घरांची बरोबरी झाली ती तेवढ्या एकाच बाबतीत. लग्नात मानपानावरूनसुद्धा झाली नव्हती.

या आजाराची एक गंमत आहे. गंमतच म्हणते, कारण पूर्वा तेच म्हणायची. बाहेरून रक्त भरत गेलं की अंगात लोह साचतं, आणि माणसाला पुढे मारतं ते हे लोह. पण हे कुणाला पटायचं नाही. 'रक्त कमी' एवढं ऐकलं की आख्खा खानदेश बीट घेऊन दारात उभा राहायचा. खजूर, गूळ-शेंगदाणे, डाळिंबं, लोखंडी कढईतली मेथी. माझ्या नणंदेने एकदा गुळाची आख्खी ढेप पाठवली होती. मी ती शाळेत नेऊन शिपायांना वाटली आणि मला दानशूर म्हणून नाव मिळालं. उलट डॉक्टरांनी सांगितलं होतं की जेवताना तिला चहा द्या, चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. त्यामुळे आमची चार वर्षांची मुलगी पंगतीत वरणभाताबरोबर घोट घोट कोरा चहा प्यायची आणि आजूबाजूच्या बायका माझ्याकडे मी कसाई असल्यासारखं बघायच्या. एक बाई न राहवून म्हणाल्या, "अगं, लेकराला चहा कसला पाजतेस? रंग काळा पडेल." पूर्वा मान वर न करता म्हणाली, "त्यासाठीच पाजतेय. मी फारच पांढरी आहे ना." एकदा तिने विलासच्या दुकानातलं मोटारीचं मोठं चुंबक पोटाला लावून पाहिलं. चिकटलं नाही, तर दोन दिवस नाराज. "एवढं लोखंड आहे म्हणतात आणि एक चुंबक धरवत नाही."

आता वहीबद्दल. सरकारी नियमाप्रमाणे तिला रक्त मिळायचंच होतं, पण उन्हाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत आणि लग्नसराईत रक्तपेढीतच रक्त नसायचं. नियम खुंटीला टांगून काय करणार? म्हणून मी शंभर पानी वही घातली. रकाने पाच: नाव, गाव, गट, शेवटचं रक्त कधी दिलं, शेरा. एक माणूस तीन महिन्यांतून एकदा देऊ शकतो, त्यामुळे पाळ्या लावाव्या लागायच्या. शाळेतले शिक्षक, विलासची गिऱ्हाइकं, सोनगीरचे माझे चुलत भाऊ, असोद्याहून मोटारसायकलवर तीन तास येणारे दीर, असं करत करत सदतीस नावं झाली. सगळे पुरुष. बायकांना विचारलं नाही असं नाही. पण आमच्याकडच्या बायकांचं स्वतःचंच रक्त इतकं कमी भरायचं की पेढीवाले त्यांनाच गोळ्या लिहून देऊन परत पाठवायचे. मीही त्यांतलीच. मी मायनर, म्हणजे अर्धा आजार अंगात असलेली, माझं चालत नव्हतं. म्हणजे आई म्हणून मी तिला जे द्यायला नको ते दिलं होतं आणि जे द्यायचं ते देता येत नव्हतं. मग फोन करणं एवढं हातात होतं, ते मी केलं. शेऱ्याच्या रकान्यात मी कामापुरतं लिहायचे: 'सुई पाहून पडतो, सोबत कुणी तरी हवं.' 'फोन बायको उचलते, आधी तिची समजूत काढणे.' 'भरीत पार्टीच्या दुसऱ्या दिवशी बोलावू नये.' हा शेवटचा शेरा हिवाळ्यात निम्म्या नावांपुढे होता. वाचता यायला लागल्यावर माझ्या शेऱ्यांखाली पूर्वाने पेन्सिलीने आपले शेरे सुरू केले. 'याच्या रक्ताने गणित सुटतं.' 'याच्या रक्ताने भूक लागते पण आईच्या हातचं खावंसं वाटत नाही.' माझ्या सख्ख्या दिराच्या नावापुढे लिहिलं होतं, 'दोन दिवस घोरले.'

खरं तर ज्याने दिलं त्याचंच रक्त आपल्याला मिळतं असं नसतं. तो देतो, ते साठ्यात जातं आणि आपल्याला जुळणारी दुसरी पिशवी मिळते. पिशवीवर नाव नसतं, नंबर असतो. हे मला माहीत होतं आणि तिलाही चांगलं माहीत होतं. तिचं म्हणणं एवढंच की नाव नाही, म्हणजे कुणाचं ते ठरवायचा अधिकार मला. हाताला सुई लावून पलंगावर पडली की पिशवीकडे एक डोळा बारीक करून बघायची आणि जाहीर करायची, "आज पाटील सर. मी आज कुणाशी बोलणार नाही, फक्त रागवणार." त्या दिवशी ती खरंच वॉर्डातल्या सगळ्यांना रागवायची. सिस्टरना चपला नीट ठेवायला लावायची. शेजारच्या पलंगावरच्या मुलाला उद्यापर्यंत तेराचा पाढा.

तिचा सगळ्यांत लाडका रक्तदाता म्हणजे रफीकभाई. मागच्या गल्लीत पॉवरलूमवर कामाला होते. पहिल्यांदा ते आपणहून आले, वीज गेलेली असताना, ओट्यापाशी उभं राहून म्हणाले, "ताई, बच्ची को खून लगता ना? मेरा ले लो, मशीन बंद है तो खाली बैठा हूँ." तेव्हापासून दर तीन महिन्यांनी न बोलावता यायचे. माझ्या वहीत फोन न करावा लागलेलं हे एकमेव नाव. दंडाला कापूस दाबत वॉर्डात यायचे आणि पूर्वाला म्हणायचे, "लो बेटा. पावरलूम का माल है. पक्का रंग, धुलने का नहीं." ती उठून बसायची. "पिछली बार भी यही बोले थे चाचा. तीन हफ्ते में उतर गया रंग." "अरे तो कंपनी में शिकायत कर!" "कर रही हूँ ना, मालक से ही." मग ती दिवसभर हिंदीतच बोलायची, विलासशीसुद्धा, आणि विलासचं हिंदी इतकं वाईट की तोच शेवटी गप्प बसायचा.

आता असोदा. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची देवी मांडायची, नथ, गजरा, नवं पातळ, रात्री गाणी, आणि सोमवारी वाजतगाजत, फुगड्या खेळत पाण्यावर न्यायची. पण सगळं लक्ष असतं रोटांकडे. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा मुठी गहू मोजून घ्यायचे, एकेकाचं नाव घेऊन. त्याच गव्हाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, होतात. सोबत पुरणाच्या पोळ्या, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. हे रोट पौर्णिमेच्या आत संपवायचे आणि भाऊबंदकीबाहेर कुणाला द्यायचे नाहीत, तुकडासुद्धा नाही. गहू मोजायचा मान सासूबाईंचा. त्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं, मीही. अक्कांचं पाऊल घरात पडलं की मांजरसुद्धा सरळ बसायचं. मला त्या घाबरवायच्या आणि आवडायच्याही, कारण त्या माझ्यासारख्याच होत्या; त्यांची यादी डोक्यात होती, माझी वहीत, एवढाच फरक.

पूर्वा सात वर्षांची असताना आबा, माझे सासरे, गेले. त्यांचं वर्ष झाल्यावर कानबाई बसली तेव्हा ती अक्कांच्या शेजारी उकिडवी बसून मोजणी बघत होती. अक्कांनी मोठे दीर, त्यांचे दोन मुलगे, विलास अशा चार मुठी सुपात घातल्या आणि सवयीने पाचवी भरली. मग हात थांबला. त्यांनी ती मूठ परत पोत्यात सोडली. पूर्वाने विचारलं, "आबांची मूठ का काढली?"

"गेलेल्या माणसाची मूठ नी घालत बेटा."

"आणि माझी?"

"पोरीची मूठ नसते व. पोर परक्या घरची."

"कानबाई बाई आहे ना?"

"व्हय."

"मग तिचीच मूठ नसेल," पूर्वा म्हणाली. अक्कांनी तिला एक धपाटा घातला, अगदी हलका. आमच्याकडे सगळे तिला हलकेच मारायचे, तिचा त्यावरही आक्षेप होता.

तो विषय ती विसरली असेल असं मला वाटलं. मी चुकले. ती दहा वर्षांची झाली त्या श्रावणात आम्ही एस.टी.ने असोद्याला गेलो तेव्हा तिने माझी वही पिशवीत घातली होती. मला वाटलं, चित्रं काढायला घेतली. मोजणीच्या वेळी घरातल्या सगळ्या बायका गोल बसलेल्या, शेजारच्याही दोघी आलेल्या. अक्कांनी चार मुठी घातल्या. पूर्वाने वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"अक्का, पुरुषांच्या मुठी मोजतात ना? मग माझ्या सदतीस राहिल्या."

"काय म्हनते व ही?" अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या. त्यांना अक्षरओळख बेताचीच, पण सदतीस कळत होते.

"माझ्या अंगात माझं रक्त नाहीच. सगळं या लोकांचं आहे. हे बघा, नंबर घातलेत. सगळे पुरुष. म्हणजे मी एक पोरगी नाही, सदतीस पुरुष आहे. सव्वा मुठीने किती झाल्या? आई, सदतीस गुणिले सव्वा?"

"सव्वासेहेचाळीस," मी म्हणाले. गणित विचारलं की माझं तोंड आपोआप उघडतं, हा माझा जुना दोष आहे.

"सव्वासेहेचाळीस मुठी!" शेजारची एक काकू किंचाळली. "रोट संपतीन कधी? दिवाळीले?"

"मी खाईन," पूर्वा म्हणाली. "चहाबरोबर."

सगळ्या हसल्या. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी वही उलटसुलट करून पाहिली, पानावर बोट फिरवलं, जणू गहू निवडतायत. मग विचारलं, "याच्यात आपले कोन आहेत?" मी दिरांचं नाव दाखवलं, चुलत भावांची दाखवली. "आन हे?" पाटील सर. "हे?" रफीकभाई. पॉवरलूमवाले. अक्कांनी बोट तिथंच ठेवलं. मी वाट पाहत होते. मला आजही सांगता येणार नाही की त्या काय विचार करत होत्या. त्यांनी वही मिटून पूर्वाला दिली, पोत्यात हात घातला आणि एक गच्च मूठ, वर पाव मूठ, सुपात टाकली. "सदतीस जनाची मिळून एक. जास्त बोलू नको."

"एकाच मुठीत सदतीस? दाटी होईल."

"एस.टी.त बसता तसे बसतीन."

पूर्वाला हे उत्तर इतकं आवडलं की पुढे कित्येक दिवस ती स्वतःच्या मनगटाला बोट लावून सांगायची, "जरा सरकून घ्या, मागे उभे आहेत लोक."

हे इथं संपलं असतं तर ही नुसती सांगण्यासारखी गंमत झाली असती. पण मंगळवारी धुळ्याला रक्त भरायला गेलो तेव्हा तिच्या डब्यात दोन रोट निघाले. मी काही म्हणायच्या आत एक तिने रफीकभाईंच्या हातात दिला होता. "ये क्या है बेटा? मोटी पोळी?" "आपके नाम की मुट्ठी है चाचा. थोडी. बाकी लोगों के साथ." त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी रोट कपाळाला लावला आणि अर्धा तिथंच खाल्ला, अर्धा रुमालात बांधून घरी नेला. मी तिला रागावले. मी देवभोळी नाही, पण नियम म्हणजे नियम, आणि मी यादीवाली बाई. यादीबाहेर काही गेलं की मला चैन पडत नाही. पूर्वाने शांतपणे अक्कांना फोन लावून स्वतःच सांगून टाकलं. मग अक्का म्हणाल्या, "तुह्या मायले फोन दे." मी घेतला, तर म्हणाल्या, "पोरीले औषध दे टायमावर," आणि फोन ठेवला.

त्या हिवाळ्यात तिच्या हृदयाने काम कमी केलं. इतक्या वर्षांचं साचलेलं लोह. डॉक्टर मला बाजूला घेऊन सांगत होते आणि मी टिपून घेत होते: औषध, वेळ, प्रमाण, पाणी किती. टिपून घेताना रडता येत नाही, अक्षर बिघडतं, हा माझा शोध त्या दिवसांतला. दवाखान्यात ती एकोणीस दिवस होती. सदतीसपैकी एकवीस जण येऊन गेले, पाळी नसताना. पाटील सर आले आणि काय बोलावं न सुचून त्यांनी तिला प्रगतिपुस्तक दाखवायला सांगितलं. तिने तब्येतीचा चार्ट दाखवला. "सुधारणेला वाव आहे," सर म्हणाले आणि चष्मा पुसत बाहेर गेले. लोकांना आपल्या माणसांचे शेवटचे शब्द आठवतात, कुणी देवाचं नाव घेतं, कुणी आईला हाक मारतं. आमच्या मुलीने दुपारी दवाखान्यातल्या चहाचा एक घोट घेतला, कप माझ्याकडे परत केला आणि म्हणाली, "याला चहा म्हणतात?" मग डोळे मिटले. झोपली असं वाटलं. पंधरा मिनिटांनी वाटलं नाही. तो चहा खरंच वाईट होता, हे मी आजही कुठेही शपथेवर सांगेन.

अकरावं-बारावं असोद्याला झालं. भेटायला येणाऱ्या बायका ओळीने बसलेल्या. ज्या काकू सव्वासेहेचाळीस मुठींवर किंचाळल्या होत्या, त्याच हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाल्या, "रोट बाहेर गेला होता म्हने. दुसऱ्या जातीत. कानबाईले नी चालत ते." मी अक्कांकडे पाहिलं. मला वाटलं, एक शब्द बोलतील. त्या भिंतीकडे बघत बसून राहिल्या. काकूंना काही म्हणाल्या नाहीत, मलाही नाही. मी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने धुळ्याला परत आले आणि वहीत नाही, मनात एक नोंद केली: अक्कांनाही तसंच वाटतं. वाटणारच. रोट त्यांच्या हातचे, मूठ त्यांच्या हातची. पुढे दीड वर्ष आम्ही फोनवर केळीच्या भावाबद्दल आणि पावसाबद्दल बोललो. पूर्वाचं नाव निघालं नाही. ते काढायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि माझ्यात हिंमत नाही हे कळणं हाही मोठं होण्याचाच भाग असावा. पण त्याच्यापुढे बरोबरची खूण कशी करतात ते मला अजून माहीत नाही. वही मात्र मी चालू ठेवली. वॉर्डातली इतर मुलं होती, त्यांच्या आयांना फोन नंबर हवे होते. तेराचा पाढा शिकलेला तो मुलगा आता बँकेत आहे आणि मला ठेवीच्या योजना सांगायला फोन करतो.

पहिल्या वर्षी कानबाई बसली नाही. दुसऱ्या वर्षी विलास म्हणाला, जायला हवं. मी वही पिशवीत टाकली. का, ते विचारू नका, सवयीने. सूप तेच, पोतं तेच, गोल करून बसलेल्या बायकाही त्याच. काकूसुद्धा. पॉवरलूमची खटखट कानांत नसली की मला असोद्यात नेहमीच बधिर झाल्यासारखं व्हायचं, त्या दिवशी जास्तच. अक्कांनी दिरांचं नाव घेतलं, मूठ घातली. एक मुलगा, दुसरा मुलगा, विलास. चार. मग त्यांचा हात पुन्हा पोत्यात गेला आणि पाचवी भरून वर आला. मला आबांची मूठ आठवली. आता थांबतील, आता सवय लक्षात येईल, आता गहू परत पोत्यात सोडतील. ते बघायचं माझ्याने होणार नव्हतं, म्हणून मीच घाईने बोलले. माझं काम आहे ते, यादी बरोबर ठेवणं.

"अक्का, चारच. पूर्वाची नाही आता."

"काहून?"

"गेलेल्याची मूठ घालत नाहीत ना."

अक्कांनी मूठ तशीच धरून ठेवली. बोटांच्या फटीतून दोन-चार दाणे सुपात पडले. "मूठ पोरीची होती का?" त्या म्हणाल्या. "पोरीची मूठ नसतेच. मी तव्हाच सांगलं होतं तिले. ही त्या सदतीस जनाची होती. ते गेले का?"

माझा हात पिशवीतल्या वहीकडे गेला.

"तुह्यी वही आनली असशीन. पाह्य त्याच्यात. हायेत ना सगळे जित्ते?" मग काकूंकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "आन जाताना धुळ्याच्या त्या भाऊले रोट नेजो. मागल्या खेपेले पोरीने नुसता एक देल्ला, घरी लेकरं असतीन त्याच्या. आपल्या पोरीच्या अंगात ज्याचं रक्त होतं तो बाहेरचा कसा व्हईन? दीड वर्स झालं, मी हेच मोजून राह्यली."

मी वही उघडली. पानांवर पेन्सिलीचे शेरे होते, फिकट झालेले. बोट ठेवून मी वरपासून खालपर्यंत मोजलं, दोनदा. सोनगीरचा माझा एक चुलत भाऊ आदल्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरखाली गेला होता. त्याच्या नावापुढे मीच लाल रेघ मारली होती. पूर्वाचा शेरा होता, 'याचं रक्त आलं की मला गाता येतं.' म्हणजे छत्तीस. अक्का मूठ धरून वाट बघत होत्या.

"सदतीस," मी म्हणाले. "सगळे आहेत."

आयुष्यात मी चुकीची वाचलेली ती एकच यादी.